सोरायसिसमध्ये प्रतिकारशक्ती कमी असते की जास्त? आणि इंटरल्यूकिन-१७ रोखणारं इंजेक्शन नेमकं काय करतं?

बीड जिल्ह्यातल्या एका तरुणाने विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर आहे. प्रश्न थोडक्यात असा: वडील पन्नाशीतले, कापूस आणि तुरीची शेती. दहा-अकरा वर्षांपासून कोपर, गुडघे, डोकं आणि पाठीवर सोरायसिसचे चट्टे आहेत. मलमं झाली, गावातल्या डॉक्टरांची इंजेक्शनं झाली, मध्ये दोन महिने आठवड्याला साडेसात मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट झालं. आता शहरातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी इंटरल्यूकिन-१७ रोखणारं इंजेक्शन सुचवलंय. त्याआधी टीबीची रक्ततपासणी करायला लावली, ती पॉझिटिव्ह आली. खोकला, ताप काही नाही. घरात काका म्हणतात, प्रतिकारशक्ती कमी झाली म्हणून रोग आला आणि डॉक्टर ती आणखी कमी करायला निघालेत. त्यामुळे रोज गुळवेलीचा काढा चालू आहे. आणि अगदी शेवटी एक ओळ: हल्ली सकाळी उठल्यावर वडिलांची बोटं आखडलेली असतात, पण ते कामामुळे असेल.

मी लातूरला बरीच वर्षं त्वचारोगांची प्रॅक्टिस करते. तुमच्या काकांचा प्रश्न माझ्या ओपीडीत जवळजवळ रोज येतो. तो चुकीचा नाही, त्याला नीट उत्तर मिळालं नाही एवढंच. आणि तुमची ती शेवटची ओळ माझ्या मते अख्ख्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. तिच्याकडे येतेच, पण आधी पाया.

प्रतिकारशक्ती ही कमी किंवा जास्त अशा एकाच मापाने मोजायची गोष्ट नसते. विषाणूंसाठी शरीराची एक व्यवस्था असते, जंतांसाठी दुसरी, टीबीसारख्या पेशीच्या आत लपणाऱ्या जिवाणूंसाठी तिसरी, आणि त्वचेवर, तोंडात, आतड्याच्या अस्तरावर वाढू पाहणाऱ्या बुरशी व जिवाणूंसाठी आणखी एक. या व्यवस्थांमधल्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते छोट्या प्रथिनांच्या मार्फत. त्यांना सायटोकाइन म्हणतात. इंटरल्यूकिन हा त्यातलाच एक मोठा गट. टीएनएफ आणि इंटरफेरॉन ही बाकीची दोन नावंही तुम्ही रिपोर्टवर किंवा औषधाच्या कागदावर वाचली असतील. ही प्रथिनं विषारी नाहीत, रक्तात साठलेली घाणही नाहीत. ताप येतो, जखम लाल होते, टॉन्सिल सुजतात, ते यांच्याच निरोपामुळे. काम झालं की निरोप थांबतात, सूज उतरते.

सोरायसिसमध्ये ते थांबत नाहीत. गावात रात्री चोर आल्याची हाळी उठते, एकाचं ऐकून दुसरा ओरडतो, माणसं काठ्या घेऊन गोळा होतात. चोर केव्हाच पळून गेलाय, पण प्रत्येक जण शेजाऱ्याची हाळी ऐकून ओरडतोच आहे आणि गर्दी वाढतेच आहे, अशी कल्पना करा. त्वचेच्या त्या चट्ट्यात हेच चाललेलं असतं. म्हणजे तुमच्या वडिलांची प्रतिकारशक्ती एकूणात कमी झालेली नाही आणि एकूणात जास्तही झालेली नाही. तिचा एक विशिष्ट मार्ग, ठरावीक जागी, बंद व्हायचं नाव घेत नाही.

तो मार्ग कोणता, हे कळायला वैद्यकशास्त्राला बराच वेळ लागला, आणि ती गोष्ट समजली की औषधांची निवड आपोआप समजते, म्हणून थोडी सविस्तर सांगते.

पूर्वी सोरायसिस हा फक्त त्वचेच्या वरच्या थराचा आजार मानला जायचा. तसं वाटणं स्वाभाविकच होतं, कारण डोळ्यांना दिसतं ते तेच. निरोगी त्वचेत तळाशी तयार झालेली पेशी वरपर्यंत येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे लागतात. सोरायसिसच्या चट्ट्यात तीच पेशी चार-पाच दिवसांत वर येते, नीट पिकायच्या आतच. मग चांदीसारख्या खपल्यांचे थर साठतात. पेशी फार वेगाने वाढतात, म्हणून वाढ रोखणारी औषधं द्या, असा तेव्हाचा विचार होता. १९७९ मध्ये सायक्लोस्पोरिन हे औषध सांध्यांच्या आजारासाठी काही रुग्णांना दिलं गेलं आणि त्यांच्यापैकी सोरायसिस असलेल्यांची त्वचा साफ झाली. हे औषध मुख्यतः टी-पेशींना शांत करतं, आणि टी-पेशी या प्रतिकारव्यवस्थेतल्या पांढऱ्या पेशी. त्वचेच्या पेशींना घाई करायला लावणारं कुणीतरी वेगळंच आहे, हे तिथून लक्षात यायला लागलं.

पुढचा टप्पा २००० साली आला. तोपर्यंत संशय इंटरल्यूकिन-१२ वर होता. त्या वर्षी इंटरल्यूकिन-२३ सापडलं आणि कळलं की या दोघांचा एक भाग सामाईक आहे, दुसरा वेगळा. म्हणजे इंटरल्यूकिन-१२ च्या नावावर जे खपत होतं त्यातलं बरंचसं इंटरल्यूकिन-२३ चं होतं. २००९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं उस्टेकिनुमॅब हे औषध त्या सामाईक भागाला धरतं, म्हणून दोन्ही रोखली जातात. नंतर आलेली गुसेलकुमॅब, रिसानकिझुमॅब ही औषधं फक्त इंटरल्यूकिन-२३ ला रोखतात आणि त्यांचा परिणाम कमी होण्याऐवजी आणखी चांगलाच दिसला. सोरायसिसमध्ये इंटरल्यूकिन-१२ अडवायची गरज नव्हती, हे असं सिद्ध झालं. टीबीच्या देशात राहणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला ही बातमी फार मोलाची वाटते, कारण टीबीच्या जिवाणूंशी लढताना इंटरल्यूकिन-१२ लागतं.

आता चट्ट्यात प्रत्यक्ष काय होतं ते बघू. त्वचेत डेंड्रिटिक पेशी असतात, म्हणजे प्रतिकारव्यवस्थेच्या पहारेकरी पेशी. ओरखडा, संसर्ग, एखादं औषध, अशा कशाने तरी त्या जाग्या होतात आणि इंटरल्यूकिन-२३ सोडायला लागतात. हा निरोप टी-पेशींच्या एका खास प्रकाराला मिळतो. त्या पेशी इंटरल्यूकिन-१७ आणि इंटरल्यूकिन-२२ सोडतात. डेंड्रिटिक पेशींकडून टीएनएफही येतच असतं. इंटरल्यूकिन-१७ जाऊन बसतं ते त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींवर, म्हणजे केराटिनोसाइटवर. आणि या पेशी मुकाट्याने मार खात बसत नाहीत, त्या स्वतः निरोप पाठवायला लागतात. एका निरोपाने न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तातून ओढल्या जातात, दुसऱ्याने आणखी टी-पेशी येतात, तिसऱ्याने डेंड्रिटिक पेशी पुन्हा चेतवल्या जातात. त्या पुन्हा इंटरल्यूकिन-२३ सोडतात. वर्तुळ पूर्ण झालं.

तुमच्या वडिलांच्या कोपरावर तुम्हाला जे दिसतं ते या प्रथिनांच्या भाषेत वाचता येतं. कातडी जाड होते ती मुख्यतः इंटरल्यूकिन-२२ आणि इंटरल्यूकिन-१७ मुळे. खपली झटपट साठते, कारण पेशींना पिकायला वेळच मिळत नाही. चट्टा लाल दिसतो, कारण रक्तवाहिन्या फुगून अगदी वरपर्यंत आलेल्या असतात. म्हणूनच खपली ओढून काढली की टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे थेंब दिसतात. नायटा किंवा गजकर्णात असं होत नाही, आणि हे बघूनच बऱ्याचदा आम्ही बायोप्सी न करता निदान करतो.

मग काही लोकांच्याच त्वचेत हे का होतं? काही जनुकं कारणीभूत आहेत. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं एचएलए गटातलं आहे, आणि म्हणून घराण्यात आजार दिसतो. पण जनुक असून आजार नसलेले लोक पुष्कळ आहेत. जनुकाच्या जोडीला ठिणगी लागते. लहान मुलांत घशाच्या स्ट्रेप्टोकॉकस संसर्गानंतर अंगभर थेंबांसारखे चट्टे येतात. लिथियम, रक्तदाबासाठीच्या बीटा-ब्लॉकर गटातल्या काही गोळ्या, मलेरियाची काही औषधं यांनी आजार उफाळतो. दारू, तंबाखू ओढणं, वाढलेलं वजन, मानसिक ताण हेही आहेतच. आपल्याकडचं एक खास कारण म्हणजे कातडीला झालेली इजा. कापूस वेचताना वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी मनगटावर, हातावर ओरखडे उठतात आणि एक-दोन आठवड्यांनी अगदी त्याच रेषेत चट्टा उगवतो. वेचणीच्या दिवसांत लांब बाह्यांचा सुती सदरा आणि कामावरून आल्यावर अंगाला खोबरेल किंवा साधं पांढरं पेट्रोलियम जेली, एवढं तरी वडिलांना करायला सांगा. थंडीत आपली कोरडी हवा कातडी फोडते, तेव्हा तर नक्कीच.

हा आजार लागट नाही. एका ताटात जेवलं, एक टॉवेल वापरला, तरी होत नाही. घरात कुणी वडिलांचं पांघरूण वेगळं ठेवत असेल तर ते आजच थांबवा.

इथवरचं एकत्र करते. डेंड्रिटिक पेशी इंटरल्यूकिन-२३ सोडते, टी-पेशी इंटरल्यूकिन-१७ सोडते, त्वचेची पेशी ते ऐकून घाईने वाढते आणि नवे निरोप पाठवते, टीएनएफ या सगळ्यांना जोर देतं. औषध म्हणजे या वर्तुळात कुठेतरी अडथळा टाकणं. मेथोट्रेक्सेट आणि सायक्लोस्पोरिन तो अडथळा बऱ्याच जागी एकदम टाकतात, म्हणून स्वस्त आणि उपयोगी असूनही यकृत, मूत्रपिंड, रक्तपेशी यांच्याकडे लक्ष ठेवावं लागतं. नवी इंजेक्शनं एकच निरोप पकडतात.

आता तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेल्या इंजेक्शनकडे. इंटरल्यूकिन-१७ रोखणारं पहिलं औषध सेक्युकिनुमॅब. अमेरिकेत आणि युरोपात त्याला २०१५ मध्ये मान्यता मिळाली, नंतर इक्सेकिझुमॅब वगैरे आली. ही प्रतिपिंडं असतात, म्हणजे एका ठरावीक प्रथिनाला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिनं. मोठ्या चाचण्यांमध्ये सेक्युकिनुमॅब घेतलेल्या शंभरातल्या साधारण ऐंशी रुग्णांचा आजार बारा आठवड्यांत तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त उतरला. माझ्या रुग्णांतही पहिल्या काही आठवड्यांतच खपली पडायची थांबते. अनेक वर्षं काळे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालणारा माणूस अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून ओपीडीत येतो, तेव्हा मला मनापासून आनंद होतो.

काकांची भीती इथे नीट तपासायला हवी. इंटरल्यूकिन-१७ अडवलं तर शरीर उघडं पडतं का? याचं सगळ्यात चांगलं उत्तर जन्मतःच हा मार्ग बंद असलेल्या मोजक्या लोकांकडून मिळालं आहे. त्यांना मुख्य त्रास होतो तो तोंडातल्या, नखांच्या आणि त्वचेच्या कॅन्डिडा बुरशीचा, आणि काहींना त्वचेवर स्टॅफिलोकॉकसच्या गळवांचा. इंजेक्शन घेणाऱ्यांतही तेच दिसतं: काही जणांना तोंडात पांढरी बुरशी येते, ती साध्या औषधाने जाते. म्हणजे अडवलेल्या निरोपाचं जे नेहमीचं काम होतं, तेवढंच ढिलं पडतं. एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा. आतड्याला इंटरल्यूकिन-१७ ची गरज असते. वडिलांना वारंवार रक्त-आव पडत असेल, अनेक महिन्यांचे जुलाब असतील, क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस असा आतड्याच्या सुजेचा आजार कधी सांगितला असेल, तर हे इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा. अशा रुग्णांना आम्ही ते देत नाही, तिथे इंटरल्यूकिन-२३ रोखणारी औषधं जास्त योग्य ठरतात.

टीबीच्या तपासणीचं आता सांगते, कारण 'पॉझिटिव्ह' हा शब्द ऐकून घर हादरतं. ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह येणं म्हणजे टीबीचा जिवाणू कधीतरी शरीरात शिरला होता, एवढंच. २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय टीबी सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांत असा संसर्ग आढळला. म्हणजे तुमच्या गावातल्या चावडीवर बसलेल्या माणसांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा. त्यांच्या शरीराने जिवाणूंभोवती पेशींची गाठ बांधून त्यांना कोंडून ठेवलेलं असतं. ती गाठ टिकवायला सगळ्यात जास्त लागतं ते टीएनएफ. म्हणूनच टीएनएफ रोखणारी औषधं, अडालिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅब वगैरे, आपल्याकडे देताना फार जपावं लागतं. त्यांच्यामुळे कोंडलेला टीबी जागा झालेले रुग्ण जगभर नोंदले गेले आहेत. इंटरल्यूकिन-१७ आणि २३ च्या औषधांत हा धोका बराच कमी दिसतो. तुमच्या डॉक्टरांनी टीएनएफऐवजी इंटरल्यूकिन-१७ निवडलं ते याच कारणाने असावं, आणि वडिलांच्या बाबतीत मीही तसंच केलं असतं.

तरीही तपासणी पॉझिटिव्ह आहे, तर क्रम असा असतो. आधी छातीचा एक्स-रे आणि नीट विचारपूस: खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, मानेला गाठी. टीबीचा आजार चालू नाही याची खात्री झाली की प्रतिबंधक औषध. एक पर्याय रोज आयसोनियाझिड सहा महिने, दुसरा आठवड्यातून एकदा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन, बारा आठवडे. सरकारी टीबी कार्यक्रमात हे औषध मोफत मिळतं, तालुक्याच्या रुग्णालयात चौकशी करा. साधारण महिनाभर ते घेतल्यावर इंजेक्शन सुरू करता येतं, पूर्ण कोर्स संपायची वाट बहुतेक वेळा बघावी लागत नाही. या जोडीला हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची तपासणी, आणि यकृताची. यकृताची तर विशेष, कारण आयसोनियाझिड त्याच्यावर ताण आणतं.

आणि गुळवेलीचा काढा इथेच आडवा येतो. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही, माझे कितीतरी रुग्ण वैद्यांकडेही जातात. पण प्रतिकारशक्ती वाढवतो म्हणून घेतलेला काढा नेमका कोणता निरोप वाढवतो, हे रुग्णांमध्ये नीट तपासलेलं नाही, आणि सोरायसिसमध्ये तर निरोप आधीच वाढलेले असतात. शिवाय गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला सूज आल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं आहे. टीबीची प्रतिबंधक गोळी, पुढे कदाचित मेथोट्रेक्सेट, आणि वर काढा, एवढं ओझं यकृतावर नको. काकांना हे आदराने पण ठामपणे सांगा. दारूचं तुम्ही काही लिहिलं नाही. वडील घेत असतील, अगदी सणासुदीलाही, तरी डॉक्टरांपासून लपवू नका.

गावातल्या इंजेक्शनांबद्दल मला जास्त काळजी वाटते. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण "एक सुई मारली की आठ दिवसांत कातडी साफ", हे वर्णन बहुतेक वेळा स्टेरॉइडचं असतं. स्टेरॉइड सगळेच निरोप एकदम दाबतं, म्हणून परिणाम डोळे दिपवणारा असतो. औषध उतरलं की दाबलेलं वर्तुळ दुप्पट जोराने फिरतं. कधी अंगभर कातडी लाल होऊन सोलते, कधी पू भरलेल्या बारीक पुळ्या येतात, थंडी वाजते, ताप येतो. पुळ्यांच्या या प्रकारात आणखी एक प्रथिन, इंटरल्यूकिन-३६, पुढे असतं, आणि असा रुग्ण दवाखान्यात भरती करावाच लागतो. "जातंय आणि उलटून येतंय" असं म्हणत येणाऱ्या कितीतरी जणांच्या पिशवीत मला स्टेरॉइडच्या गोळ्या, बिननावाच्या पुड्या किंवा मेडिकलवरून परस्पर आणलेली, क्लोबेटासोल हे जोरदार स्टेरॉइड मिसळलेली मलमं सापडतात. चट्ट्यावर स्टेरॉइडचं मलम डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपुरतं लावणं वेगळं, आणि पोटातून किंवा सुईतून घेणं वेगळं. दुसरं बंद करा. मात्र सध्या गोळ्या चालू असतील तर एकदम तोडू नका, डॉक्टरांच्या देखरेखीत कमी करा.

आता ती शेवटची ओळ. बोटं आखडतात. सोरायसिस असलेल्या दहा जणांपैकी दोन-तीन जणांना पुढे सांध्यांचा आजार होतो, आणि बहुतेकांना तो त्वचेनंतर काही वर्षांनी होतो. तुमच्या वडिलांचं वय आणि आजाराची वर्षं दोन्ही त्यात बसतात. तेच निरोप, टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१७, सांध्यात आणि स्नायूबंध हाडाला चिकटतो त्या जागी चालू होतात. फरक असा, की त्वचा पुन्हा पूर्ववत होते. झिजलेला सांधा होत नाही.

कामाचं दुखणं की आजाराचं, हे ओळखायला घरीच काही गोष्टी बघा. कामाने दुखतं ते विश्रांतीने उतरतं. याउलट, आजाराची आखडण सकाळी सगळ्यात जास्त असते, अर्ध्या तासाहून जास्त टिकते आणि हालचाल केल्यावर मोकळी होते. एखादं बोट अख्खंच्या अख्खं सुजलेलं दिसतं का, सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच दुखते का, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत का, नख टोकाकडून सुटलंय का, कंबर पहाटे दुखून जाग येते का. यातलं एक-दोन जरी असेल तर हातांचा एक्स-रे आणि संधिवाततज्ज्ञांचा सल्ला लांबवू नका. आणि आरए फॅक्टर ही संधिवाताची रक्ततपासणी निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नका. सोरायसिसच्या सांधेदुखीत ती बहुतेक वेळा निगेटिव्हच असते.

याच्यावरच माझा सल्ला दोन फाट्यांवर जातो. सांधे खरोखर सुजत असतील, तर इंटरल्यूकिन-१७ चं इंजेक्शन हा चांगला आणि वेळेवर सुचवलेला पर्याय आहे, कारण ते त्वचा आणि सांधे दोन्हीला लागू पडतं. कंबरेचे मणके धरले असतील तर आणखीच, कारण तिथे इंटरल्यूकिन-२३ रोखून फारसा फायदा दिसलेला नाही. त्वचेत जो निरोप सगळ्यात वरचा, तो मणक्यात तेवढा महत्त्वाचा नाही, हे चाचण्यांनीच शिकवलं.

पण सांधे ठीक असतील आणि प्रश्न फक्त त्वचेचा असेल, तर मी आधी मेथोट्रेक्सेटला नीट संधी दिली असती. आठवड्याला साडेसात मिलिग्रॅम, दोन महिने, हा खरा प्रयत्नच नव्हे. बऱ्याच रुग्णांना आठवड्याला पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास लागतं, कधी त्याहून जास्त, सोबत फॉलिक ॲसिड, आणि परिणाम जोखायला तीन-चार महिने. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकाच ठरावीक दिवशी घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जीवावर बेततं, म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा. यकृताची आणि रक्तपेशींची तपासणी नियमित. टीबीची प्रतिबंधक गोळी सोबत चालू असेल तर ती तपासणी जास्त वेळा. दुसरा पर्याय अतिनील किरणांचा, ३११ नॅनोमीटरच्या नॅरोबँड यूव्हीबीचा. सांध्यांवर त्याचा उपयोग नाही, टीबीची अडचण नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा जायला लागतं. गावातून शहरात एवढ्या खेपा हंगामात जमतील का, हे तुम्हीच ठरवू शकता.

खर्चाबद्दल मोकळेपणाने बोलते, कारण अनेक घरांत हाच निर्णायक मुद्दा असतो. ही इंजेक्शनं सुरुवातीला आठवड्याला, मग महिन्याला घ्यावी लागतात, इंटरल्यूकिन-२३ ची काही औषधं दोन-तीन महिन्यांनी एकदा. ती बंद केल्यावर काही महिन्यांत चट्टे परतायला लागतात, आणि बहुधा जुन्याच जागी. कारण त्वचा साफ झाली तरी त्या जागी काही टी-पेशी स्मृती घेऊन मुक्कामाला राहतात आणि इंटरल्यूकिन-१७ सोडायची त्यांची तयारी असतेच. म्हणून दोन महिने घेऊन पैसे संपले म्हणून थांबणं, मग दिवाळीनंतर पुन्हा, असं करू नका. सुरू करण्याआधी किमान एक वर्षाचा खर्च पेलणार आहे का, हे डॉक्टरांसमोर बसून ठरवा. जमत नसेल तर तसं सांगायला संकोच नको. भारतीय कंपन्यांनी आणलेल्या, मूळ इंजेक्शनांसारख्याच समरूप औषधांमुळे, अडालिमुमॅबचं पहिलं २०१४ च्या अखेरीस आलं, काही पर्याय स्वस्त झाले आहेत, आणि बेंगळुरूच्या बायोकॉन कंपनीचं सोरायसिससाठीचं इटोलिझुमॅब २०१३ पासून आपल्याकडे मान्य आहे. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं आणि लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथल्या त्वचारोग विभागात जाऊन तिथे काय उपलब्ध आहे ते विचारा. सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला विचारा. अंबाजोगाई तुम्हाला बहुधा सगळ्यात जवळ पडेल.

इंजेक्शन चालू असताना जिवंत जंतूंची लस घ्यायची नाही, बाकीच्या लसी चालतात. वजन जास्त असेल तर ते कमी करणं हाही उपचाराचाच भाग आहे. पोटाभोवतीची चरबी स्वतः टीएनएफसारखे निरोप सोडते, आणि वजन उतरलं की हीच औषधं जास्त चांगली लागू पडतात. रक्तदाब आणि साखर वर्षातून एकदा तपासा. दीर्घकाळ चालणारी ही सूज हृदयाच्या रक्तवाहिन्यांनाही सोडत नाही.

"रक्तातलं इंटरल्यूकिन किती आहे ते तपासून घेऊ का" असंही तुम्ही विचारलंय. नको. हे निरोप चट्ट्यातल्या चट्ट्यात, पेशीकडून शेजारच्या पेशीकडे जातात. रक्तातल्या आकड्यावरून औषध ठरत नाही. ते पैसे हातांच्या एक्स-रेला लावा.

पुढच्या भेटीला जाताना आतापर्यंतच्या सगळ्या चिठ्ठ्या, टीबी तपासणीचा कागद, छातीचा एक्स-रे आणि गावातल्या इंजेक्शनांची मिळतील ती रिकामी पाकिटं सोबत न्या. वडिलांना स्वतःला बोलू द्या, सकाळी बोटं किती वेळ आखडतात हे त्यांच्याच तोंडून डॉक्टरांनी ऐकलं पाहिजे. यकृताच्या तपासणीचे आकडे आणि सांध्यांबद्दल डॉक्टर काय म्हणाले, हे मला इथे कळवलंत, तर मेथोट्रेक्सेट आधी की थेट इंजेक्शन, यावर आणखी नेमकं लिहिता येईल.